मॅडम, आमाले केमिस्ट्री काऊन?

ज्या बाईनं आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं, तिच्या घरी दोन गोष्टींचा ढीग सापडणारच. एक ॲसिडनं भोकं पडलेल्या साड्यांचा आणि दुसरा किश्शांचा. साड्या काढून टाकाव्या म्हटलं तर बोहारीणही हात लावत नाही. किश्शांचंही तसंच आहे. घरचे ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून आता तुमच्या गळ्यात मारते.

आणि हा ढीग कमी काही होत नाही हो! लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर कुठला तरी टक्कल पडलेला साहेब पुढे येतो. "मॅडम, ओळखलं का?" म्हणतो. नाव काही केल्या आठवत नाही, पण त्यानं फोडलेली काचेची नळी लख्ख आठवते.

मी मूळची वडशाची. ऐंशीच्या दशकात चंद्रपूरला एक नवंकोरं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं आणि मी तिथं केमिस्ट्रीची लेक्चरर म्हणून लागले. नवंकोरं म्हणजे बोर्ड लागला होता, भिंतींचं काम चालू होतं. लॅबवर टिनाचं छप्पर. एप्रिल लागला की बर्नर न पेटवताच पाणी कोमट व्हायचं. पोरं यायची आरमोरी, अहेरी, मूल, ब्रह्मपुरीकडून. पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी आणि पोरांचं एकमेकांशी बोलणं अस्सल झाडीपट्टीच्या बोलीतलं. मी त्याच मातीतली, त्यामुळे मागच्या बाकावर काय कुजबुजतात ते मला सगळं कळायचं. त्यांना हे कळायला मात्र बराच वेळ लागला.

*

माझा पहिला तास. मी खूप तयारी करून गेलेली. फळ्यावर मोठ्या अक्षरात "अप्लाइड केमिस्ट्री" लिहिलं आणि वळून पाहते तर मागच्या बाकावरून एक हात वर. उंच, सडपातळ, डोळ्यांत पुरेपूर बदमाशी. हा दिवाकर मेश्राम. आरमोरीजवळच्या खेड्यातला. गावातून इंजिनिअरिंगला आलेला पहिलाच पोरगा.

"मॅडम, आमी मेकॅनिकलवाले. आमाले केमिस्ट्री काऊन?"

मी म्हटलं, "इंजिनात कोणतं तेल घालायचं, कोणता कोळसा जाळायचा, लोखंड का गंजतं हे कळायला नको? उद्या तुझ्या हाताखालचा बॉयलर फुटला तर?"

"बॉयलर फुटला तं तुमालेच बोलावू ना, मॅडम!"

वर्ग हसून हसून लोळला. मी रागावून थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य सिव्हिलचे, मोठमोठी धरणं बांधून आलेले. म्हटलं, "सर, मुलं विचारतात केमिस्ट्री कशाला. काय सांगू?"

त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "मॅडम, मीही शिकलो केमिस्ट्री. कशाला ते मला अजून कोणी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा!"

या दिवाकरच्या इंजिनिअरिंगची गाडी पुढे माझ्याच विषयात रुतून बसणार होती, हे तेव्हा ना त्याला ठाऊक होतं ना मला.

*

कोळशाचा प्रयोग होता. कोळसा वजन करून भट्टीत घालायचा, पूर्ण जाळायचा आणि शेवटी राख किती उरली ते मोजायचं. चंद्रपुरात कोळशाला काय तोटा! म्हटलं, प्रत्येकानं आपापला नमुना आणा.

बाकीच्यांचे आकडे ठीक आले. दिवाकरचा कोळसा मात्र भट्टीत गेला तेवढाच बाहेर आला. राखच राख! मला वाटलं भट्टी बिघडली. आमचे लॅब अटेंडंट लक्ष्मणभाऊ या भट्टीला घरच्या म्हशीइतकं जपत. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, भट्टी तपून राह्यली. पाह्यजे तं माहा हात घाला आत."

मी दिवाकरला विचारलं, "नमुना कुठून आणलास?"

"मेसच्या मागून."

"मेसचा कोळसा?"

"चांगल्या कोळशाले सैपाकवाली शांताबाई हात लावू देत नाई, मॅडम. म्हून सिगडीखालून निघालेला आणला."

"अरे, तो जळून गेलेला होता!"

"तेच म्हनतो मी. याचं ॲनालिसिस शांताबाईनं आदीच करून ठेवलं होतं!"

*

टायट्रेशन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एका द्रावात दुसरा द्राव थेंब थेंब टाकायचा आणि रंग बदलला की थांबायचं. आमच्या प्रयोगात शेवटी फिका गुलाबी रंग यायला हवा. एक थेंब जास्त पडला की गडद होतो आणि उत्तर चुकतं. पोरांचं दरवेळी चुके. कोणाचा गुलाबी जांभळाकडे झुके, कोणाचा थेट बिटाच्या रसाकडे.

"फिका, फिका!" ओरडून माझा घसा बसला. तेव्हा दिवाकर म्हणतो, "मॅडम, फिका म्हनजे किती फिका? नाटकातल्या हिरोइनीच्या गालाएवढा चालंल का?"

आता आमच्या वडशाला थंडी पडली की झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचाच राबता. गावोगावी नाटकं इथूनच निघतात. नट्यांचे गाल मी लहानपणापासून पाहिलेले. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "पहिल्या अंकातल्या नको. तिसऱ्या अंकातल्या. घामानं उतरल्यावर जेवढा राहतो तेवढाच!"

मग सगळ्यांचे हात असे काही सावध झाले की काय सांगू! त्या दिवशी एकाचंही टायट्रेशन चुकलं नाही. मी स्वतःवर खूश.

पुढे प्राचार्य जर्नलं तपासायला आले. एक उघडलं, दुसरं उघडलं, मग मला बोलावलं. सगळ्या जर्नलांत एकच ओळ होती. "एंड पॉइंट: लाइट पिंक, थर्ड ॲक्ट."

"मॅडम, हे कुठल्या पुस्तकातून शिकवता तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, वडशाच्या!"

*

दिवाकरचा जिगरी दोस्त व्यंकटी. हा अहेरीचा, घरी अर्धं तेलुगू बोलणारा, स्वभावानं अगदी गाय. वंगणाच्या तेलाचा प्रयोग होता. तेल एका भांड्यात ओतायचं, खालच्या बारीक भोकातून ते गळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. पातळ तेल भरभर गळतं, घट्ट तेल हळू. सगळ्यांनी गॅरेजमधून तेल आणलं. व्यंकटी घरून डबा घेऊन आला.

"कसलं तेल रे?"

"मोहाच्या बियांचं, मॅडम. आमच्या इथी बंडीच्या चाकाले हेच लावते. एकदम फस्कलास."

महिना होता जानेवारीचा. सकाळची वेळ. व्यंकटीनं डबा उलटा केला. काही पडलं नाही. हलवला. काही पडलं नाही. मोहाच्या तेलाचा थंडीत गोळा होतो, हे घरी रोज पाहणाऱ्या पोराला लॅबमध्ये आल्यावर आठवलं नाही! लक्ष्मणभाऊंनी चमच्यानं खरवडून ते भांड्यात भरलं. व्यंकटी घड्याळ हातात धरून समोर बसला. बसूनच राहिला.

मी इतर टेबलं पाहून परत आले, तरी तो तसाच. म्हटलं, "अरे, काहीतरी निरीक्षण लिही की!"

त्यानं मान डोलावली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "टाइम ऑफ फ्लो: होळीनंतर."

*

आमच्या लॅबला लागून वर्कशॉप. मधे नुसती टिनाची भिंत, तीही छपरापर्यंत न पोहोचलेली. वर्कशॉपचे बारापात्रे सर केमिस्ट्रीचे मोठे वैरी. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, "इंजिनिअरले हातोडा पाह्यजे, परीक्षानळी काय कामाची?" मी हसून सोडून द्यायची.

एका पावसाळ्यात ते लालबुंद होऊन लॅबमध्ये आले. हातात मोजमापाची नवी हत्यारं, सगळी गंजून तांबडी झालेली. झालं होतं असं, की आमच्या ॲसिडच्या बाटल्यांचं कपाट त्या अर्धवट भिंतीला टेकून होतं आणि पलीकडे नेमकं त्यांच्या हत्यारांचं. वाफा भिंतीवरून आरामात जा-ये करत होत्या.

"मॅडम, तुमची केमिस्ट्री माह्या खोलीत घुसून राह्यली!"

मी म्हटलं, "सर, तुम्ही शिकायला इकडे आला नाहीत. शेवटी तीच तिकडे आली!"

कपाट हलवलं मी लगेच. पण वैर त्यांनी रिटायर होईपर्यंत निभावलं.

*

आता दिवाकरच्या नापास होण्याकडे येते.

हा पोरगा ड्रॉइंगमध्ये पहिला. गणितात पहिला. वर्कशॉपमध्ये तर बारापात्रे सर त्याला जावई करून घेतील की काय असं वाटायचं. आणि केमिस्ट्रीत नापास! एकदा नाही, दोनदा. मी काळजीनं विचारलं, "पेपरात लिहिलंस तरी काय?"

"सिमेंटमध्ये पाणी टाकलं का काय होते, असं विचारलं होतं."

"मग?"

"मी लिहिलं, घर होते."

मी डोळे मिटले. "आणि दुसऱ्यांदा?"

"लोखंडाले गंज लागू नये म्हून काय कराल, पाच मार्क. मी लिहिलं, पान्यात ठिवू नये."

"बस? एवढंच?"

"चूक काय हाय त्याच्यात, मॅडम?"

चूक काहीच नव्हती, हीच तर पंचाईत! त्याला सगळं दिसायचं, पण का होतं ते शोधायची गरज वाटायची नाही. वरून पुस्तकातलं इंग्रजी. मराठी शाळेतून आलेला पोरगा इंग्रजी शब्दासमोर उभा राहिला की त्याची सगळी बदमाशी आटून जायची.

आणि नियम कडक होता. पहिल्या वर्षाचा एक जरी विषय राहिला तरी तिसऱ्या वर्षात पाय ठेवता येत नसे. दुसरं वर्ष संपत आलेलं. या खेपेला केमिस्ट्री निघाली नाही तर वर्ष जाणार, होस्टेल सुटणार. बाप धानाची शेती करणारा. एकदा पोरगा घरी जाऊन रोवणीला लागला की परत येणं अवघड, हे मला दिसत होतं. अशी परत न आलेली पोरं मी पाहिली होती. मला फार वाईट वाटायचं. माझ्या विषयानं या पोराचं इंजिनिअर होणं अडवावं, ही कल्पनाच सहन होईना.

मग कॉलेज सुटल्यावर मी त्याला रोज लॅबमध्ये बसवायला लागले. पुस्तक मिटून ठेवलं. म्हटलं, "तुझ्या घरात, गावात जे जे पाहिलंस ते सांग. का होतं ते मी सांगते." तिथून गाडी जरा हलली. पेपर त्यानं बरा लिहिला. राहिली तोंडी परीक्षा.

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मुंबईकडचे, अतिशय विद्वान आणि तेवढेच गंभीर. उमेदीच्या काळात अणुभट्टीच्या कामावर होते म्हणे. चंद्रपूरचं ऊन त्यांना झेपत नव्हतं, कूलरच्या तोंडाशी खुर्ची लावून बसले होते. मी शेजारी. नियम असा, की मी शिकवणारी असल्यानं मुलाला काहीही सुचवायचं नाही. हूं की चूं नाही.

दिवाकर आला. घाम कपाळावर.

परीक्षकांनी सोपा प्रश्न टाकला. "व्हॉट काइंड ऑफ वॉटर डू यू हॅव इन युअर व्हिलेज?"

हा विषय दिवाकरचा घोटून झालेला. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हेवी वॉटर, सर."

परीक्षकांचा पेन थांबला. "हेवी?"

"व्हेरी हेवी, सर."

आमच्याकडे ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्याला जड पाणी म्हणतात. पुस्तकात त्याचं नाव हार्ड वॉटर. पोरानं घाबरून सरळ मराठीचं इंग्रजी केलं होतं! हेवी वॉटर ही भलतीच चीज, अणुभट्टीत लागणारी. आणि समोर बसलेत अणुभट्टीवाले!

"तुमच्या विहिरीत हेवी वॉटर आहे?"

"येस सर. होल व्हिलेज ड्रिंकिंग."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं.

"मराठीत सांग बरं," ते म्हणाले.

"जड पानी, सर."

आता तर संपलंच. मराठी पुस्तकात अणुभट्टीच्या पाण्यालाही जड पाणीच म्हणतात!

"कशावरून जड?"

"दाळ शिजत नाई, सर. दिवसभर चुलीवर ठिवा, दाना तसाच. साबन घासून घासून वडी सरते, फेस नाई."

"अस्सं. मग काय करता?"

"माय उकळते. उकळलं का हलकं होते. बुडाशी पांढरं बसते, ते खरडून टाकाचं."

"पांढरं म्हणजे काय?"

दिवाकरनं कपाळाचा घाम पुसला. मी साडीचा पदर मुठीत आवळून धरला.

"कॅल्शियम कार्बोनेट, सर. पान्यात बायकार्बोनेट राह्यते, उकळलं का त्याचं कार्बोनेट होते, ते बुडाशी बसते."

"सगळ्याच पाण्याचं होतं असं?"

"नाई, सर. विहिरीच्या पान्याचं होते. शाळेजवळच्या बोअरिंगचं किती बी उकळा, जडच राह्यते. त्याच्यात सल्फेट हाय. ते उकळून जात नाई."

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "अरे, हे तर हार्ड वॉटर!" मग डोळे बारीक करून म्हणाले, "आणि हेवी वॉटर म्हणजे काय मग?"

दिवाकरनं मान खाजवली. "ते बी जडच असंल, सर. पन ते आमच्या गावाकडं नाई येत."

तो गंभीर माणूस चष्मा काढून असा हसला की कूलरचा आवाज ऐकू येईना! हसता हसता ठसका लागला. लक्ष्मणभाऊंनी माठातलं पाणी आणून दिलं. परीक्षकांनी पेला तोंडाजवळ नेला, थांबले आणि दिवाकरला विचारलं, "हे कसं आहे?"

"हे प्या बिनधास्त, सर. हे नळाचं हाय. याच्यात नुसता गाळ राह्यते."

मार्क किती दिले ते त्यांनी हातानं झाकून लिहिले. मला शेवटपर्यंत दिसू दिले नाहीत.

*

निकालाच्या दिवशी मी लॅबमध्येच बसून होते. जीव थाऱ्यावर नव्हता. निकाल अजून बोर्डावर लागायचा होता आणि दिवाकर तिकडे ऑफिससमोर गर्दीत उभा होता. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. कोरा पांढरा सदरा, धोतर, नव्या चपला. सोयरिकीला निघाल्यासारखा थाट.

"जयभीम, बाई. मी दिवाकरचा बाप."

"जयभीम, भाऊ. या, बसा." मला कौतुक वाटलं. निकालासाठी माणूस एवढ्या उन्हात आरमोरीहून आला!

ते स्टुलावर अवघडून बसले. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बाई, ते केमी तुमच्याच इथची ना?"

होस्टेलची पोरं केमिस्ट्रीला केमी म्हणायची. मला वाटलं, पोराच्या तोंडून ऐकून बापही तेच म्हणतोय. म्हटलं, "हो, माझ्याकडेच आहे."

"मंग बराबर जागी आलो." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "दोन सालापासून पोरगं तिच्यापायी हैरान हाय, बाई. घरी आला का तिचंच नाव. जेवाले बसला का हात थांबते. मायनं विचारलं, काऊन रे, तं म्हनते, केमीनं मले कुठचा नाई ठिवला."

"अहो, सुरुवातीला त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही," मी म्हटलं. "वर्गात सगळ्यांसमोर म्हणाला, मला ही कशाला पाहिजे!"

"असं म्हनला?" त्यांचा चेहरा उतरला. "सगळ्याइसमोर?"

"पण आता सुधारला. मी रोज समोर बसवून त्याला नीट समजावलं."

"लय उपकार झाले, बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "स्वभावानं कठीण हाय का?"

"लोकांना तसं वाटतं. जरा समजून घेतलं की सोपी आहे."

"आमच्या घरची बी तशीच हाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग घसा साफ करून, "बाई, एक सांगून ठिवतो. आमी जातपात पाहत नाई."

मला वाटलं, पेपर तपासण्याबद्दल बोलतायत. मी पटकन म्हटलं, "इथंही कोणी पाहत नाही, भाऊ. पेपरावर नाव नसतंच मुळी, नुसता नंबर असतो."

त्यांनी हात हलवला. "असू द्या," म्हणाले. "आमचं म्हननं एवढंच, का पोराले आधी इंजिनिअर होऊ द्या. मंग आमी सारे येतो. वाजतगाजत."

वाजतगाजत? कशाला वाजतगाजत? मी विचारणार, इतक्यात बाहेर एकच गलका झाला. व्हरांड्यात धावत येणारे पाय वाजले आणि दिवाकर दारातून आत कोसळलाच. केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी, मागे व्यंकटी नाचतोय.

"मॅडम! बाबा! सुटली! केमी सुटली!"

माझे डोळे भरून आले. दोन वर्षांची काळजी उतरली, पोरगा तिसऱ्या वर्षात गेला! चहाचा ट्रे घेऊन आलेल्या लक्ष्मणभाऊंनाच मी ही बातमी सांगत सुटले.

दिवाकर बापाच्या पाया पडायला वाकला. "आता जिंदगीत तिचं तोंड नाई पाहत, बाबा! मोकळा झालो मी, मोकळा!"

त्याच्या बाबांनी पाय मागे घेतले. सावकाश उभे राहिले. एवढ्या शांत माणसाचा चेहरा असा लाल झालेला की लक्ष्मणभाऊ हातातला ट्रे ठेवून मध्ये यायला निघाले.

"दोन साल त्या पोरीचं नाव घेऊन घर डोक्यावर घेतलं, आन आता सोडून राह्यला तिले? वरून नाचून राह्यला?" त्यांनी पोराचं मनगट धरलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, आमच्या घरात असं होत नाई. तुमी फकत तिच्या बापाचं घर दाखवा, बाकीचं मी पाहतो!"